कडकताईचं पोट

माझ्या मोठ्या आत्याला लाँड्रीत सगळे कडकताई म्हणायचे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, इस्त्री कडक करते म्हणून नाव पडलं. खरं कारण तिच्यासमोर उच्चारायची कुणाची छाती नव्हती. शर्टाची कॉलर मनासारखी बसली नाही तर ती कॉलरला शिव्या द्यायची, कॉलर शिवणाऱ्याला द्यायची आणि शेवटी शर्ट घालणाऱ्यालाही सोडायची नाही.

लाँड्रीच्या मागच्या बाजूला इस्त्रीची खोली होती. खिडकी नाही, भिंतीला ओल, आणि वाफेच्या इस्त्र्या सुरू झाल्या की समोरच्याचा चेहरा धूसर दिसायचा. टेबलं ओळीने मांडलेली. त्यातलं हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याजवळचं टेबल आत्याचं. ते तिने फार वर्षांनी आणि बऱ्याच भांडणांनी मिळवलं होतं. दिवसभर उभं राहून काम. आधी खांदा धरला, मग गुडघे बोलू लागले. कुरकुर केली की टेबल जातं, हे तिने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून दुखणं तिने कुणाला सांगितलं नाही.

एकदा डॉक्टरने खांद्यासाठी गोळ्या लिहून दिल्या. जेवणानंतर घ्या, थोडे दिवस घ्या, मग मला दाखवा, असं त्याने बजावलं होतं. आत्याच्या लक्षात राहिलं फक्त गोळीचं नाव. कोपऱ्यावरचा औषधवाला ते नाव ऐकायचीही वाट बघत नसे. ती दुकानाची पायरी चढली की त्याचा हात आपोआप त्या खणाकडे जायचा. सकाळी कामाला निघताना उपाशीपोटी काळा चहा आणि एक गोळी. दुपारी गुडघा फारच ठणकला तर आणखी एक. असं किती महिने चाललं, देव जाणे.

घरी तिच्यासोबत माझी धाकटी आत्या राहायची. नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी ती बहिणीकडे आली होती. मोठीने तिला ठेवून घेतलं, त्याबद्दल कधी उपकाराची भाषा केली नाही, हेही खरं. पण दोन खोल्यांचं ते घर मोठीचं होतं आणि त्यातली फक्त शेगडी धाकटीची होती. धाकटीच्या हाताला चव होती. साधा बटाटा करायची, तर शेजारची बाई वास घेत दारात यायची. त्या घरात आपण फुकट राहत नाही, हे तिला त्या शेगडीमुळेच वाटायचं.

एक दिवस मोठ्या आत्याच्या पोटात जळजळ सुरू झाली. पहिला घास खाली उतरला की छातीच्या खाली कुणीतरी तापलेली इस्त्री ठेवून निघून गेल्यासारखं व्हायचं. ती घास तसाच ताटात टाकायची.

"काय घातलंस गं यात?"

"रोजचंच."

"रोजचं नाही हे. आग होतेय नुसती."

धाकटीने तिखट कमी केलं. आग तशीच. तेल कमी केलं, लसूण काढला, आंबट तर घरातूनच हद्दपार केलं. तरी मोठी ताटावर बसली की कपाळाला आठ्या. "तुला कळत नाही का, का मुद्दाम करतेस?" असं तिने विचारायला सुरुवात केली, तेव्हा धाकटीने उत्तर देणं सोडून दिलं. ती भांडी जास्त जोरात घासू लागली.

रविवारी दोघी आमच्याकडे जेवायला यायच्या. माझे बाबा त्या दोघींच्या मधले. आमच्याकडे आली की धाकटी आत्या आईला ओट्यापाशी उभीच राहू द्यायची नाही. त्या रविवारीही स्वयंपाक तिनेच केला होता. आम्ही सगळे जेवत होतो. मोठ्या आत्याने दोन घास खाल्ले आणि ताट पुढे सरकवलं.

"हिच्या हाताने माझ्या पोटाची वाट लावली," ती बाबांना म्हणाली. "नवऱ्याने काय उगाच हाकललं हिला?"

नवऱ्याने हाकललं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी आत्या स्वतःहून निघाली होती, आणि का निघाली, हे तिच्या पाठीवरचे वळ पाहिलेल्या मोठ्या आत्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, आता धाकटी रडेल. ती रडली नाही. तिने हात लांब करून बहिणीचं ताट आपल्याकडे ओढलं आणि त्यातलं सगळं, शेवटच्या शितापर्यंत, बहिणीच्या डोळ्यांत बघत बघत खाल्लं. मग तेच ताट धुऊन पालथं घातलं.

"मेले तर कळेल तुम्हाला," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर त्या दोन खोल्यांत युद्धच सुरू झालं. धाकटी मोठीसाठी वेगळं शिजवू लागली: मीठ नाही, फोडणी नाही, पाण्यात उकडलेल्या भाज्या आणि गिचका भात. ताट समोर आदळायची. "घे. यात माझा हात नाही, नुसतं पाणी आहे." तेही मोठीला जाळायचं. आणि ते जाळतं म्हणजे पाण्यातसुद्धा ही काहीतरी कालवत असणार, असा संशय मोठीच्या डोक्यात शिरला. ती घरी जेवेनाशी झाली. येता-जाता बेकरीतली बिस्किटं खायची, वर चहा ढोसायची. माझी आई म्हणाली, गार दूध प्या. दुधाने घटकाभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट उसळायचं. तिचे ब्लाउज सैल झाले. जिना चढताना ती मधेच कठड्याला धरून उभी राहू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "विचारा घरच्या बल्लवाचार्यांना."

गोळ्या मात्र सुरूच होत्या. उलट पोट दुखतंय म्हणून तीच दुखण्याची गोळी ती आणखी घेत होती.

मग एका दुपारी ती लाँड्रीत पडली. टेबलावर एका वकिलाचा काळा कोट होता, हातात इस्त्री होती. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि इस्त्री कोटावर तशीच राहिली. आधी जळका वास सुटला, मग लोक धावले. मालक आले ते थेट कोटाकडे गेले. गल्ल्यावरच्या बाईने आत्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि मला फोन केला. माझं ऑफिस जवळच होतं. मी पोहोचले तेव्हा आत्या जमिनीवर गाठोड्याला टेकून बसली होती, ओठ पांढरेफटक. मालक कोट उजेडात धरून त्याच्या पाठीवर पडलेला इस्त्रीचा ठसा बघत होते.

"घरचं बाधलंय हो हिला," मला बघून ते म्हणाले. "सारखी सांगत असते. बहिणीच्या हातचं."

म्हणजे ती गोष्ट लाँड्रीभर झाली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आत्याच्याच वाणाच्या निघाल्या. पोट दाबून बघत त्यांनी विचारलं, "शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

आत्या माझ्याकडे वळली. "तू जरा बाहेर जा."

"तिला राहू दे. होतं का?"

"होतं."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. मला वाटलं, खाण्यात काही आलं असेल."

"कसल्या गोळ्या घेता?"

"कुठल्याच नाही. म्हणजे, अंगदुखीची घेते कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

"दुखलं की."

"आणि दुखतं कधी?"

आत्याने मान खाली घातली. "रोज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "उपाशीपोटी?"

आत्याचा हात पर्सकडे गेला. मी तिची पर्स उघडली. तिने हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला, पण हातात जोर नव्हता. आत अर्धवट फाडलेल्या गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या होत्या, रुमालाच्या घडीत, चिल्लरच्या कप्प्यात, सगळीकडे.

तोंडातून नळी घालून तपासणी झाली. जठराला आतून जखम झाली होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. ते त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं, पण दाखल व्हावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी आत्याला सगळं स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्या गोळ्यांनी पोटाचं आतलं अस्तर सोललं गेलं होतं. अन्नाने काही बिघडवलं नव्हतं. ते जखमेवरून जात होतं म्हणून झोंबत होतं, आणि तिखट असो वा अळणी, झोंबणारच होतं.

त्या गेल्यावर आत्याने माझं मनगट पकडलं. "धाकटीला यातलं काही बोलायचं नाही. ऐकतेस ना?"

"काय बोलायचं नाही?"

हा आवाज माझा नव्हता. धाकटी आत्या दारात उभी होती. हातात डबा, पदर खांद्यावरून घसरलेला, धावत आल्यासारखी. आईने तिला कळवलं होतं. एवढं सगळं होऊनही ती मऊ भात करून घेऊन आली होती.

मोठी आत्या तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागली. तेव्हा मीच सांगितलं. "गोळ्यांमुळे झालंय, आत्या. अंगदुखीच्या. कितीतरी दिवस घेत होती. जेवणाचा काही संबंध नाही."

धाकटी हळूहळू पलंगापर्यंत आली. खोलीत आणखी रुग्ण होते, त्यांचे नातेवाईक होते. सगळ्यांचे कान आमच्याकडे लागले.

"दादाकडे नवऱ्यावरून माझा उद्धार केलास, तेव्हा घेत होतीस?"

"होते."

"मी नुसतं पाणी उकळून घालत होते, तेव्हा?"

"अगं, मला काय माहीत गोळीने होतं ते!"

"गोळीने होतं ते माहीत नव्हतं. माझ्यामुळे होतं ते बरं माहीत होतं!"

"ओरडू नकोस. दवाखाना आहे."

"तू लाँड्रीभर ओरडलीस, ते चाललं?" धाकटीचा आवाज चिरकला. "माझ्याकडे दुसरं होतं काय गं त्या घरात? सांग ना. दुसरं काय होतं?"

मोठी आत्या उत्तर देऊ शकली असती. माफ कर म्हणणं तर दोन शब्दांचं काम होतं. ती म्हणाली, "डबा ठेव आणि जा. मला बोलवत नाही."

धाकटीने डबा ठेवला नाही. दाराशी फरशी पुसत असलेल्या बाईच्या हातात तो दिला, "ज्याला चालत असेल त्याला द्या" म्हणाली, आणि निघून गेली.

मोठी आत्या घरी परतली तेव्हा धाकटी तिथे नव्हती. नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम तिने धरलं होतं. राहायला तिथलीच मागची खोली मिळाली. जाताना तिने स्वतःची कढई तेवढी नेली. शेगडी घासून लख्ख करून ठेवली होती. ते बघून मोठी आत्या म्हणाली, "बघ कशी टोमणा मारून गेली!"

आता तिला स्वतःसाठी रांधणं भाग होतं, आणि तिला साधा भात येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आम्ल कमी करणारी गोळी दिली होती. ती सकाळी, खाण्याच्या आधी. जुनी गोळी पूर्ण बंद. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं, पण पोट रिकामंही ठेवायचं नाही. काय चालतं आणि काय चालत नाही, हे प्रत्येकाचं वेगळं, ते तुमचं तुम्ही बघा, असं त्या म्हणाल्या होत्या. आत्याला हा कामचुकारपणा वाटला. "डॉक्टर ती, का मी?"

मी अधूनमधून जायचे. भात एकदा करपलेला असायचा, एकदा कच्चा. अन्नपदार्थांशी ती माणसांसारखी भांडायची. भोपळा सरळ वागतो, म्हणायची. उकडलेलं अंडं निमूट बसतं. केळं बरं. टोमॅटो हलकट, एवढीशी फोड गेली तरी दिवसभर उरावर बसतो. दूध दगाबाज. दह्याचं तिला भय होतं, तेच नेमकं मानवलं. तळलेल्याचा नुसता वास आला तरी पोटात कळ यायची, आणि लाँड्रीच्या शेजारीच भज्यांची गाडी होती. त्या गाडीवाल्यालाही ती येता-जाता डोळे वटारायची. त्याला आपला गुन्हा शेवटपर्यंत कळला नाही.

जखम भरत होती तरी अन्नाची धास्ती जात नव्हती. घास तोंडात घेऊन ती थांबायची, पोटाला कान लावल्यासारखी. गिळला की वाट बघायची. काही झालं नाही की तिला हायसं वाटायचं नाही, संशय यायचा. "आत्ता गप्प आहे. नंतर दाखवेल."

चालता येऊ लागल्यावर ती पहिली औषधवाल्याकडे गेली. दुकानात गर्दी होती.

"तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का हो, कशासाठी घेता, किती घेता?"

औषधवाला गांगरला, मग तोही चिडला. "तुम्ही एकदा तरी सांगितलंत का? उलट एकदा पट्टी संपली म्हटलं, तर तुम्ही केवढा तमाशा केला होता!"

दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही तावातावाने. शेवटी गिऱ्हाइकांनी आवरलं. तिथून पुढे ती आम्लाची गोळी आणायलाही लांबच्या दुकानात जाऊ लागली, गुडघे दुखत असूनही. गुडघे तर आता रोजच दुखत. डॉक्टरीणबाईंनी एक सौम्य गोळी चालेल म्हणून सांगितलं होतं, तीही मोजूनमापून. बाकी गरम पाण्याची पिशवी आणि पायाचे व्यायाम. ते व्यायाम ती दात-ओठ खात करायची, जणू पायांना शिक्षाच देतेय.

लाँड्रीत तिच्या पंख्याजवळच्या टेबलावर नवा माणूस उभा होता. मालक म्हणाले, "तुमची तब्येत अशी. आणि तो कोट..."

"कोटाचं बोलू नका. मी पडले तेव्हा तुम्ही कोट उचललात, मला नाही."

मालकांचा चेहरा पडला, पण टेबल त्यांनी परत दिलं नाही. तिला दाराजवळचं मिळालं, जिथे पंख्याची हवा पोहोचत नाही. त्यावर तिने उंच स्टूल मागितलं. "बसून इस्त्री कोण करतं?" मालक म्हणाले. "मी करते," ती म्हणाली आणि हिशेब करायच्या टेबलामागचं त्यांचंच स्टूल उचलून घेऊन गेली. कामाच्या मधे ती डबा उघडायची, दोन-चार घास खायची, परत झाकायची. नवा माणूस एकदा हसला. त्याला तिने असं काही सुनावलं, की तो पंख्याखालीही घामाघूम झाला.

धाकटीचं नाव ती काढत नव्हती. बाबांनी मात्र मनात काही योजलं होतं. एका रविवारी त्यांनी दोघींना जेवायला बोलावलं, एकमेकींचं न सांगता. धाकटी आत्या आली, दारातल्या चपला बघितल्या आणि तशीच वळली. बाबांनी हाताला धरून तिला आत आणलं. ती बसली, पण पर्स मांडीवरच.

पानं वाढून झाली. मोठी आत्या भाताकडे बघत होती. मग एकदम, कुणी चिमटा काढल्यासारखी, मोठ्याने बोलली.

"याच घरात मी बोलले होते, म्हणून याच घरात सांगते. हिच्या हाताने मला काही झालं नव्हतं. गोळ्या मी खात होते. लाँड्रीतही सांगितलंय तसं."

आईच्या हातात पळी तशीच राहिली.

"आणि नवऱ्याचं?" धाकटीने विचारलं.

मोठीने बोटाने भात एका बाजूला सारला. "ते पोट दुखलं म्हणून नाही बोलले. तुला लागावं म्हणून बोलले."

"लागलं."

"माहीत आहे."

"मी परत येणार नाही तुझ्याकडे."

"मी बोलावलं कुठे?"

"नकोच बोलावूस. माझ्या खोलीला खिडकी आहे. तिथल्या मुली माझं जेवण बोटं चाटून खातात, आणि कुणाचंही पोट दुखत नाही."

"बरं आहे मग."

"बरंच आहे."

बाबा काहीतरी समेटाचं बोलायला गेले, तर दोघींनीही त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. आम्ही जेवू लागलो. मोठ्या आत्याने आईला विचारलं, "या रश्श्यात टोमॅटो आहे का गं?" आईला चटकन आठवेना. धाकटी आत्या स्वतःच्या ताटातून मान वर न करता म्हणाली, "आहे. खाऊ नकोस." मोठीने वाटी बाजूला ठेवली. त्या दिवशी दोघींत एवढंच बोलणं झालं.

पुढे पुन्हा तपासणी झाली. जखम भरली होती. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं आणि वर दम दिला, की ती गोळी परत घेतलीत तर माझ्याकडे येऊ नका. आत्या बाहेर येऊन बाकावर बसली. मग म्हणाली, "धाकटीला कळव."

"तूच कळव ना."

"मी कळवलं तर म्हणेल, मला काय त्याचं."

मी वसतिगृहात गेले. धाकटी आत्या मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. मी सांगितलं.

"मला काय त्याचं," ती म्हणाली. पळी फिरत राहिली. थोड्या वेळाने विचारलं, "वेळेवर खाते का?"

"बहुतेक वेळा. कामाच्या गर्दीत विसरते कधीकधी."

"मग भोग म्हणावं," ती म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण आदळलं.